मधूचं घर

कणीक अर्धीच भिजली होती, तोच बेल वाजली. हात बरबटलेले, म्हणून कोपरानेच दार उघडलं. गॅलरीत शेजारच्या लीलावतीआजी, मास्क हनुवटीवर. तरुणपणी सुरीनामहून आलेल्या. पूर्वज हिंदुस्थानातून तिकडे गेलेले, म्हणून त्यांच्याकडेही आजीला आजीच म्हणतात. त्या एका शब्दावर आमची ओळख झाली.

"आज तरी आत या, आजी."

एरवी म्हणतात, "नको गं, तू तुझे नकाशे लाट." माझ्या पोळ्यांना त्या नकाशे म्हणतात. प्रसादसुद्धा दारातच घेतात. मला वाटायचं, करोनाची भीती. पण आम्ही या डच शहरात, झुइडओस्ट भागात राहायला आलो तेव्हा करोना कुठे होता?

आज म्हणाल्या, "मधू गेली. तिकडे सुरीनामला, पारामारिबोत. करोनाने." मधू त्यांची धाकटी बहीण. विमानं बंद, अग्नी दिला तो फोनवर पाहिला. "तिच्यासाठी दिवा लावायचाय. तुझ्या घरात."

"माझ्या?"

"हे घर तिला मिळायचं होतं."

ही सगळी वस्ती सरकारी आराखड्यातली, गोऱ्या कुटुंबांसाठी बांधलेली. ती फारशी आलीच नाहीत. मधू तान्ही मुलगी घेऊन आली तेव्हा आमचा हा फ्लॅट रिकामा होता. तिने मागितला. ऑफिसातला माणूस म्हणाला, या मजल्यावर तुमच्या लोकांचा वाटा भरला. तिला दूरच्या गावात लॉजच्या एका खोलीत धाडलं. तिथे ती टिकली नाही, परत गेली.

"आणि हे हिवाळाभर कुलूपबंद! मी भिंतीला कान लावायचे. आत कुणी नाही, पण हीटर चालू. भिंत गरम. कुणासाठी गं?"

आमच्या मागच्या खोलीतला हीटर मी कधी लावत नाही, तरी ती भिंत कोमट असते. मी समजायचे, समईमुळे.

आजी आत आल्या, न विचारता थेट त्याच खोलीत. "पाळणा इथे ठेवणार होतो."

तिथे माझं देवघर. सुतकातल्या माणसाने देवापाशी कसं यायचं? क्षणभर अडले. मग हात धुऊन देवच उचलले, बैठकीतल्या फळीवर मांडले. खोली मधूला दिली. वात दक्षिणेकडे केली.

"तेराव्यापर्यंत रोज या," मी म्हटलं.

"येईन. पण बेल नाही वाजवणार. मधूच्या घराची बेल मी का वाजवू?"

माझे यजमान उल्हास आतून म्हणाले, "अगं, त्यांना असं येऊ-जाऊ द्यायचं तर घरमालकाला विचारायला हवं."

"देवांना विचारलंय. तेच हलले, आता मालकाचं काय!"

कणकेवर पापुद्रा धरलाय. एवढं लिहून पोळ्या उरकते. मग खाली किल्लीवाल्याकडे जाऊन दाराची दुसरी किल्ली करून आणायची.