रुद्रप्पाच्या गाडीचं चेंबर

आमच्या शेजारचा रुद्रप्पा उभा जन्म एसटीत कंडक्टर होता. गाडी दुसऱ्यानं चालवायची, ह्यानं दोरी ओढून दोनदा घंटी दिली की ती हलायची. रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी व्हॅन घेतली आणि स्वतः चालवायला लागला. गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात जायचं असो की दुधनी गावाला लग्नाला, रुद्रप्पा तयार. आत बसलं की अजून म्हणतो, मागं सरका. मागं जागा कुठं आहे, ते विचारायचं नाही.

परवा एका उंच गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि चेंबर फुटलं. चेंबर म्हणजे इंजिनाखाली पत्र्याची परात असते, तिच्यात सगळं तेल राहतं. मलाबी हे परवाच कळलं.

त्याची लेक श्रावणी बँकेत आहे, लई शिस्तीची. तिनं बापाला सांगून टाकलं, रविवारी रात्रीपर्यंत गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय. गॅरेजवाल्यानं तर आधीच हात वर केले होते. रुद्रप्पा उठून बाजारात गेला. नवीन चेंबर घेऊन आला आणि रविवारी सकाळी दारातच कामाला लागला.

शेजारच्या मोडलेल्या हातमागाची जाड लाकडं आणून पुढची चाकं त्यांच्यावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि गडी उताणा होऊन गाडीखाली शिरला. बाहेर नुसते पाय. मी खुर्ची टाकून त्या पायांशी बोलत बसले. उरलंसुरलं काळं तेल टबात काढलं, नट सोडले, फुटकं चेंबर खाली घेतलं. इंजिनाची कड खरवडून पेट्रोलनं अशी पुसली, की मी देवाची भांडीसुद्धा तेवढी घासत नाही.

मग नव्या चेंबरची पूजा. रुद्रप्पाचं सगळ्याच वस्तूंचं असं. मिक्सर आणला तरी आधी विभूती, मग चटणी. भस्म ओलं करून त्यानं चेंबरवर तीन बोटं ओढली, ती पार कडेवरून. त्या कडेलाच चिकट गोंद लावून चेंबर इंजिनाला बसवायचं असतं.

"अप्पा, कडेचं तेवढं पुसा. गोंद धरणार नाही," श्रावणी म्हणाली.

"देवाचं पुसतेत व्हय?"

त्यानं विभूतीवरूनच गोंद लावला, नट आवळले. जेवून, गोंद वाळायची वाट बघून तेल ओतलं. इंजिन छान बोललं. रुद्रप्पा मिशीत हसत होता तोवर श्रावणीनं गाडीखाली पेपर सरकवला. पेपरवर थेंब पडला, मग दुसरा. बॅटरीचा उजेड मारून बघितलं तर गळत होतं ते बरोबर विभूतीच्या जागी.

रुद्रप्पा पायरीवर बसला. ऊन उतरायला लागलं होतं. श्रावणीनं ‘मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही, तेच त्याला जास्त लागलं असणार.

मी म्हटलं, "रुद्रप्पा, विभूती तू कपाळाला लावतोस का ओठाला? ओठाला लावली तर चेंबर तोंड मिटंल कसं?"

त्यानं टब ओढून गाडीखाली सरकवला. मग म्हणाला, "अव्वा, सकाळीच बोलायचं की."

पुन्हा तेल काढलं, चेंबर उतरवलं. विभूती पुसली, पण बोटावरची टाकवेना, म्हणून स्वतःच्याच कपाळाला ओढली. तेलात मिसळून काळी झाली होती. ह्या वेळी बॅटरी श्रावणीनं धरली. चेंबर बसल्यावर गाडीखाली पडल्या पडल्याच त्यानं चेंबरच्या बुडाला नव्यानं तीन बोटं लावली. गोंद वाळेस्तोवर दिवे लागले. गाडी सुरू केली आणि आम्ही तिघंही वाकून पेपर बघत राहिलो. कोरडा.

श्रावणीनं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. या म्हणाली, पण फुटकं चेंबर तेवढं न्यायला.

तेव्हापासून उंच गतिरोधक आला की रुद्रप्पा सगळ्यांना खाली उतरवतो. गाडी हलकी होऊन अल्लद पलीकडं जाते आणि आम्ही चालत. ह्या गुडघ्यांनी मीसुद्धा. सगळे बसले की मी पत्र्यावर दोनदा टकटक करते. त्याशिवाय तो गाडी हलवत नाही.