प्रंबाननहून परतीचं तिकीट

नोकरी गेली त्या गुरुवारी घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल, तर शनिवारचं विमानाचं तिकीट रद्द होतंय का ते पाहिलं. होत नव्हतं. स्वस्तातलं तिकीट, त्यात बदलही करता येत नव्हता. जावा बेटावरच्या प्रंबाननची देवळं पाहायला मी ते बऱ्याच आधी काढलं होतं, एकट्याचं, कारण मला एकट्याने फिरायला आवडतं. झेंडा धरलेल्या माणसामागून रांगेत देव पाहायचे आणि बसमध्ये बसून घरचा चिवडा खायचा, हे माझ्याच्याने कधी झालं नाही. पाठीवर सॅक टाकायची आणि शनिवार-रविवारी शेजारच्या एखाद्या देशात जाऊन यायचं. सिंगापुरात राहण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटायचा.

बायको म्हणाली, जा. घरात बसून तू आमचं डोकं खाशील, पैसे तर गेलेच आहेत, निदान महादेवाला सांगून तरी ये. काय सांगायचं ते दोघांनाही माहीत होतं. सोमवारी सकाळी शहरातल्या बुओना व्हिस्टा भागात एका दुसऱ्या कंपनीत माझी मुलाखत होती. कपातीची कुणकुण लागल्यापासून मी जी धडपड चालवली होती, तिच्यातून हाती लागलेली ही एकच गोष्ट. आधीच्या फेऱ्या पार पडल्या होत्या, ही शेवटची. परदेशातून आलेला त्यांचा मोठा साहेब फक्त सोमवारी शहरात होता आणि त्याला माणूस समोर बसलेला हवा होता. ही नोकरी मिळाली तर आम्ही सिंगापुरात राहणार होतो, नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा. शुक्रवारी जुन्या कंपनीने माझा ईपी, म्हणजे नोकरीवर राहण्याचा पास, रद्द केला आणि त्याच्याबरोबर बायकोचा आणि मुलीचाही गेला. त्या जागी आम्हाला आवराआवरीसाठी तीस दिवसांची मुदत मिळाली.

मुलगी सात वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी सॅक भरताना ती माझ्या पलंगावर बसून कुरकुरत होती, "बाबा, यू गो अलोन, सो अनफेअर लाह." पुढच्या वेळी तुला नेतो, असं मी तिला म्हणालो.

शनिवारी सकाळी चांगी विमानतळावरच्या पासपोर्ट तपासायच्या यंत्रासमोर उभा राहिलो, दार उघडलं, बाहेर पडलो. गेली नऊ वर्षं ते दार माझ्यासाठी असंच उघडत आलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नाही.

विमान जोगजा शहरात उतरलं, तिथून प्रंबाननला मी लोकल गाडीने गेलो. गाव छोटं, दुपारचं ऊन रणरणतं, आणि भातखाचरांच्या पलीकडे एकदम ती काळी उंच देवळं. खरं सांगतो, मला त्यांचं काही वाटलं नाही. एरवी मी तासन्‌तास दगड न्याहाळत बसणारा माणूस, पण त्या दिवशी डोक्यात फक्त सोमवार होता. प्रश्न काय विचारतील, साहेबाला पगार कमी सांगू का, नऊ वर्षं एकाच कंपनीत का, असं विचारलं तर काय बोलू. पायऱ्या चढून महादेवाच्या गाभाऱ्यात शिरलो. आत अंधार, वटवाघळांचा वास आणि पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती. ना फूल, ना पाणी, ना पुजारी. मी हात जोडले आणि अक्षरशः भीक मागितली. आम्हाला इथेच राहू दे, असं म्हणालो. आजूबाजूला पर्यटक फोटो काढत होते, पण मला त्यांची लाज वाटली नाही.

बाहेर येऊन प्रदक्षिणा सुरू केली. देवळाभोवतीच्या कठड्यावर आतल्या बाजूने रामायण कोरलेलं आहे आणि चालत गेलं की गोष्ट पुढे सरकते. सगळे त्याच दिशेने पुढे जात होते. मी उत्तरेच्या अंगाला आलो आणि थांबलो. महादेवाला पूर्ण फेरी घालायची नाही, सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जायची वाट, ओलांडायचं नाही, अर्ध्यातून मागे वळायचं, हे आईने लहानपणी दंडाला धरून शिकवलेलं. तिथे सोमसूत्र होतं की नव्हतं, देव जाणे. पण मागणं इतकं मोठं होतं की कुठे चूक राहू नये असं वाटलं. मी उलटा फिरलो. समोरून येणाऱ्या शाळकरी मुलांच्या घोळक्यात अडकलो. रखवालदाराने हाताने खूण केली, रस्ता त्या बाजूने आहे. मी मान हलवली आणि तसाच भिंतीला चिकटून मागे मागे चालत राहिलो. राम वनातून उलटा अयोध्येला पोचला. सगळं शास्त्रोक्त झालं म्हणून मला जरा बरंही वाटलं.

रविवारी दुपारी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, पडद्यावर काही बघितलं आणि सिंगापूरचा व्हिसा मागितला. मी हसून म्हणालो, मी तिथे राहतो. मोबाईलवर पास दाखवायला गेलो, तर त्यावर तो रद्द झाल्याचं लिहिलेलं. मी तिला तीस दिवसांचं सांगू लागलो. तिने कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग फार अदबीने सांगितलं की ते दिवस तुम्ही देशात असेपर्यंतच होते. बाहेर पडलात, तेव्हाच संपले. आता नव्याने व्हिसा काढावा लागेल.

मागची माणसं काउंटरवर सामान ठेवू लागली आणि मी सॅक पोटाशी धरून बाजूला उभा राहिलो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मलेशियन आणि जर्मन पोरांना हा प्रश्न आयुष्यात पडला नसता, त्यांना सिंगापूरला यायला व्हिसा लागतच नाही. लागतो तो आम्हाला. आणि आम्ही ईपीवर इतकी वर्षं काढतो की आपल्याला तो लागतो, हेच विसरून जातो. स्वतःचा इतका संताप आला की कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटलं.

बायकोला फोन केला. तिला आधी समजेचना, मी दोनदा सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही आत आणि तू बाहेर."

जोगजाला परत येऊन मी एक खोली घेतली, व्हिसाचा अर्ज केला, रस्त्यावरच्या दुकानातून एक पांढरा शर्ट आणला. मुलाखत ठरवणाऱ्या बाईंना लिहिलं की व्हिडिओवर घेता येईल का, वाटेल त्या वेळेला बसतो. सोमवारी सकाळपासून मी त्या शर्टात खुर्चीवर बसून होतो. केस विंचरलेले, मागची भिंत मोकळी केलेली. बाईंचं उत्तर आलं ते असं, की सध्या देशात नसलेल्या उमेदवाराचा विचार करता येणार नाही. मी पुन्हा लिहिलं, मग फोन केला, मग नुसतं प्लीज लिहून पाठवलं. पुढे त्यांनी वाचणंही बंद केलं.

व्हिसा आला नाही. येईल, अजून दोन दिवस थांबतो, असं मी म्हणत राहिलो. बायकोनेच एका संध्याकाळी ते थांबवलं. "तू तिकडूनच पुण्याला जा," ती म्हणाली. "घर मी आवरते." एकटीने कसं आवरशील, असं मी विचारलं, आणि ती म्हणाली की मग दुसरं कोण आवरणार आहे.

फर्निचर तिने विकलं. मुलीच्या शाळेत तिनेच सांगितलं, मुलीलाही तिनेच सांगितलं. पुण्यात आईच्या घरी बसून मला फक्त फोटो येत, हे ठेवू का, हे टाकू का. मी प्रत्येक वेळी लिहायचो, ठेव.

घरमालकाच्या एजंटला किल्ल्या द्यायच्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला. बैठकीची खोली रिकामी, मुलीची खोली रिकामी, भिंतीवर तिच्या उंचीच्या खुणा पुसल्याचा पांढरा पट्टा. आवाज घुमत होता. ती भराभर एकेका दारातून फोन फिरवत होती, मी नीट बघतो न बघतो तोवर पुढची खोली यायची. मी म्हणालो, जरा खिडकीपाशी जा ना, खालच्या कालव्याचं पाणी दाखव एकदा.

"एजंट दारात थांबलाय रे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.