आडूच्या चकोल्या

कडा गावच्या दवाखान्यात सून वजनकाट्यावर उभी राहिली, तेव्हा तिच्याआधी मीच वाकून काटा बघितला. चौथा महिना सरत आलेला आणि वजन मागच्या खेपेपेक्षा दीड किलोनं कमी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला आणि मला म्हणाल्या, "आजी, अजून आठ दिवस बघू. पुढच्या गुरुवारी काटा वर नाही सरकला तर दाखल करून घेणार. पोरीच्या पोटात काहीतरी टिकायला पाहिजे."

आता टिकायला पाहिजे हे काय मला कळत नव्हतं? मऊ भात झाला, भगर झाली, ज्वारीच्या कण्या झाल्या, मुगाचं पाणी झालं. ताटलीत वाढलं की ती दोन घास खायची, माझ्याकडं बघून हसायची आणि तिसऱ्या घासाला मोरीकडं पळायची. फोडणीचा वास आला तरी पळायची. मी आठ दिवस फोडणीच बंद केली. मालकांनी बिनफोडणीचं वरण गपगुमान खाल्लं, एवढं मात्र त्यांचं कौतुक करायला पाहिजे.

सून माझी लांबची. मुलगा डेहराडूनकडं औषधाच्या कंपनीत होता, तिथंच ही कामाला होती, तिथंच दोघांचं जमलं. आता मुलगा नगरला एमआयडीसीत असतो, आठवड्याला घरी येतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आपल्यात, तीही मनातून तेच धरून बसली होती. पण तिकडं जायचं म्हणजे दोन दिवसांची गाडी, आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास साफ नको म्हणून सांगितलेलं. पोर रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती "ठीक आहे आई" म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून निजायची.

शेजारी माझी जाऊ राहते. मधल्या भिंतीला खिडकी हाय, तिथून तिचं आमच्या घरावर लक्ष असतं. ती म्हणाली, "डोंगरातली पोर हाय ती. तिला आपली ज्वारी कशी पचंल? तुलाच लई हौस परमुलखातली करायची."

"हौस माझी न्हाई, पोराची," मी म्हणलं.

"मग पोरालाच म्हणावं, कर सयपाक."

तर सोमवारी एक खोकं आलं. आष्टीकडचा एक फौजी तिकडून सुट्टीवर येत होता, त्याच्याजवळ विहीणबाईंनी ते दिलेलं. वर सुतळी, आत वाळकं गवत आणि एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. फळं म्हणजे पोपटी-पिवळी, गालावर लाली, अंगाला बारीक लव. सून म्हणाली, "आडू आहेत आई. आमच्या झाडाचे." मी म्हणलं, म्हणजे बाजारात पीच म्हणतात ते हेच का? तर हेच. निम्मी प्रवासात दबून मऊ पडली होती. तिनं एक नाकाला लावलं, ते किती वेळ लावूनच बसली. मग फोड करून खाल्ली. आंबट फळ, ते काय राहतंय? तेही गेलं.

तोंड पुसत पुसत ती म्हणाली, "माझी मम्मी याचं एक गोड करते. गरम गरम. ते राहील असं वाटतं."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं होतं. डोहाळे पुरवायचे म्हणल्यावर मी कुणाला ऐकणार? लगेच विहीणबाईंना फोन लावायला सांगितला, तो बघायचा फोन. विहीणबाई एका बोर्डिंग शाळेच्या भटारखान्यात कामाला होत्या, तिथं त्या हे शिकल्या. कॉब्लर म्हणतात त्याला. आमची दोघींची भाषा म्हणजे मी मराठी, त्या हिंदी, आणि उरलेलं हातानं. त्यांनी हातानं दाखवलं: फोडी खाली, साखर, वरून तुपाचं मोहन घातलेल्या कणकेचे गोळे थापून ठेवायचे. खाली विस्तव, वर विस्तव. त्यांच्या घरी भट्टी न्हाई, सिगडीवरच करतात त्या. मी म्हणलं, अहो हे तर आमचं मारुतीच्या रोटावाणी झालं. मला काही नवीन न्हाई.

शेवटी त्या म्हणाल्या, "समधनजी, ढक्कन थोड़ा खुला रखना. भाप निकलनी चाहिए."

"हां हां," मी म्हणलं. ऐकलं मी. पण कानानं ऐकलं.

कारण असं, की हात माझे रोटाचे. आमच्या घरात मारुतीला कणकेचा जाड रोट करतात, तो गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवला की राख गार होईस्तोर कुणी हात लावायचा न्हाई. उघडून बघायचं न्हाई, झाला का म्हणून विचारायचं सुद्धा न्हाई. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी त्यावरून असं झापलं होतं, की चाळीस वर्षं झाली, मी कधी विचारलं न्हाई.

मंगळवारी दुपारी अंगणात तीन दगड मांडले. जाड बुडाचं पातेलं घेतलं. फोडी, साखर, जरा सुंठ. वर कणकेचे गोळे, त्यात चिमूटभर खायचा सोडा. झाकण ठेवलं आणि कडेनं कणकेची वळी लावून गच्च बंद केलं. वर निखारे. जाऊ खिडकीतून बघत होती. "काय बंदोबस्त केलाय," म्हणाली, "आत चोर कोंडलाय का?"

सून पायरीवर येऊन बसली. आपणहून बाहेर आली ती बऱ्याच दिवसांनी. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "आई, ढक्कन…"

"विचारू नये," मी म्हणलं.



राख गार झाल्यावर मी वळी फोडली. वास तर असा आला की जाऊ खिडकी सोडून अंगणात आली. आत बघितलं तर फोडींचा छान पाक झालेला, आणि वरचे गोळे भाजायचे सोडून उकडलेले. पांढरेफटक, बुळबुळीत, अर्धे पाकात बुडालेले. सगळी वाफ आतल्या आत जिरली होती.

जाऊ वाकली आणि म्हणाली, "ह्या तर चकोल्या झाल्या."

चकोल्या म्हणजे आमच्याकडं डाळीत कणकेचे तुकडे सोडून शिजवतात त्या. खोटं कशाला सांगू, तशाच दिसत होत्या. मला इतकं वाईट वाटलं. पोरीनं एक गोष्ट मागितली आणि मी माझ्या शहाणपणानं घालवली. ते पातेलं तसंच झाकून फ्रिजात सारलं.

संध्याकाळी हट्टानं दुसरं केलं. या खेपेला झाकण तिरपं ठेवलं, कणीक लावली न्हाई. काय सुंदर झालं म्हणता. वरून बदामी, खुसखुशीत, कडेनं पाक उकळ्या मारतोय. मालकांनी दोनदा मागून घेतलं. जाऊसुद्धा म्हणाली, "आता जमलं." सुनेनं एक घास तोंडात घातला. डोळे मिटले. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ती उठून मोरीकडं गेली. भाजलेल्या तुपाचा वास. तेवढाच तिला सोसला न्हाई.

आम्ही तिघं ताटल्या घेऊन तसेच बसलो. मग जाऊनं ताटल्या गोळा केल्या आणि घासून ठेवल्या.

बुधवारी सकाळी मी ते फसलेलं पातेलं बाहेर काढलं. म्हशीच्या घमेल्यात रिकामं करावं म्हणून अंगणात निघाले, तर मागून सून म्हणाली, "आई, ते कालचं पहिलं आहे का ते?"

"हाय की. म्हशीला घालते."

"मला द्या ना थोडं."

मी म्हणलं, अगं गार झालंय, उकडलंय ते. तर तिनं चमचाच आणला. पायरीवर बसून, पातेलं मांडीत धरून खाऊ लागली. मऊ, गार, आंबटगोड. तुपाचा वास त्या वाफेत कुठं मुरून गेला होता कोण जाणे. चार चमचे झाले, पाच झाले. मी तिच्याकडं बघत नव्हते, गोवऱ्या रचत होते. रचलेल्याच गोवऱ्या परत रचत होते. खिडकीतून जाऊनं बोटानं खूण केली, राहतंय का? मी तिला हातानं गप केलं. झालं का म्हणून विचारू नये.

दहा वाजले, बारा वाजले. राहिलं.

मग काय, दबलेली आडू आधी संपवली, मग चांगली. रोज वळी लावून, झाकण गच्च बंद करून, ठरवून फसवायचं आणि गार करून ठेवायचं. आडू संपली तेव्हा जाऊनं स्वतःहून पाडाचे आंबे आणून दिले, त्याचंही तसंच केलं. शनिवारी मुलगा आला, त्यानं चव घेऊन तोंड वाकडं केलं. त्याला म्हणलं, तुझ्यासाठी न्हाई हे, तू भाकरी खा. रविवारपासून ती या चकोल्यांबरोबर थोडा मऊ भातही खाऊ लागली.

गुरुवारी परत दवाखाना. ती काट्यावर चढली. या खेपेला मी वाकले न्हाई, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठशे ग्रॅम वाढलं. काय खाऊ घातलं आजी?"

"चकोल्या," मी म्हणलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

घरी आल्याबरोबर विहीणबाईंना फोन लावला. त्यांना आकडा सांगितला तर त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या, मग मीही. दोघी आपापल्या फोनसमोर डोळे पुसतोय. मग त्या सावरल्या आणि बाईमाणसाच्या सवयीनं कामाचं विचारलं, "ढक्कन खुला रखा था न?"

मी तोंड उघडलं. खरं सांगावं म्हणून उघडलं होतं. पण सून माझ्या खांद्यावरून पुढं वाकली आणि आईला म्हणाली, "हां मम्मी. जैसा आपने बताया था, बिल्कुल वैसा ही बनाया."

खिडकीत जाऊ उभी होती. तिनं पदर तोंडात धरला आणि भिंतीआड झाली.