खिडकीवालीचे ओठ

भुताच्या सिनेमात भुतापेक्षा बंगला मोठा असतो, असं रजियाचं ठाम मत होतं. नटनट्या येतात, किंचाळतात, मरतात. बंगला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा. टीव्हीवर असला सिनेमा लागला की नांदेडच्या घरात तिचा नवरा यासेर भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा आणि रजिया शिलाईमशीन थांबवून पडद्याकडे बघत बसायची. तो भलामोठा जिना रोज कोण झाडत असेल, झुंबरावरची जळमटं खरी की चिकटवलेली, गच्चीवर एरवी कोणाच्या गोधड्या वाळत असतील, असले तिचे प्रश्न. डोंगरावरचा बंगला असो की समुद्राकाठचा, तिला तो आपल्या माहेरच्या वाटेवरचा वाटायचा. कारण विचारलं तर हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

माहेर लातूरचं. वडील दस्तगीर शिंपी होते. त्यांच्या गल्लीच्या टोकाला मोकळं मैदान आणि मैदानात गुरुबसप्पा जिनिंगवाल्यांचा दगडी बंगला. बंगल्याला एक मनोरा आणि मनोऱ्याला एकच अरुंद, कमानीची खिडकी. गुरुबसप्पांनी हौसेनं बांधला खरा, पण राहायला कोणी तयार होईना. आईला जिना चढवेना आणि बायकोला वटवाघळं सोसवेनात. तशात मुंबईचे सिनेमावाले फिरत फिरत आले, त्यांनी मनोरा बघितला आणि तिथंच सतरंजी टाकून चहा मागवला.

भुताचा पांढरा झगा शिवायचं काम दस्तगीरकडे आलं. आता माप घ्यायला नटी कुठून आणायची? ती मुंबईहून यायची होती. दस्तगीरनं अंदाजानं कापड बेतलं आणि घरातल्या सतराअठरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर घालून टाचण्या मारल्या. झगा घेऊन बापलेक बंगल्यावर गेले, तेव्हा नटीनं जिन्यातली वटवाघळं नुकतीच बघितली होती. ती गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. दिवस मावळतीला निघाला होता, तो उजेड गेला तर सगळंच फिसकटणार होतं. सिनेमावाल्यांच्या साहेबानं झग्याकडे बघितलं, मग रजियाकडे. झगा कोणाच्या मापाचा आहे ते सांगायची गरजच नव्हती.

तिच्या तोंडाला पांढरी पावडर फासली, केस मोकळे सोडले. काम एवढंच, की खिडकीत यायचं, खाली बघायचं आणि डाव्या हातानं खिडकी ओढून घ्यायची. रजिया आली, तिनं खाली बघितलं. मगरिबच्या नमाजाची वेळ होत आलेली. या वेळेला दारंखिडक्या लावताना बिस्मिल्लाह म्हणायचं, म्हणजे सैतान घरात शिरत नाही, हे तिच्या आईनं तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं. ती आपल्या सवयीनं ओठांतल्या ओठांत बिस्मिल्लाह म्हणाली आणि खिडकी लावली. खाली साहेब आनंदानं ओरडला. "ओठ हलले! काय भयंकर हलले!" त्यानं परत करायला लावलं, परत ओठ हलले. पोरगी जन्मजात भूत आहे, असं तो म्हणाला.

 घराच्या दारात आल्यावर दस्तगीर म्हणाला, "हे कुठं बोलायचं न्हाई रजिया. सिनेमात उभी राहिली म्हनतील. सोयरीक व्हायची न्हाई."

तिनं कबूल केलं आणि शब्द पाळला.

सिनेमा मराठवाड्यात धो धो चालला. बाकीचं लोक विसरले, पण खिडकीवाली कोणाच्या डोक्यातून जाईना. ती शाप देते म्हणे. कोणी म्हणे मंत्र आहे, उलटा म्हणायचा असतो. लातूरच्या आया जेवण न करणाऱ्या पोरांना खिडकीवालीला बोलवू का, असं विचारायला लागल्या. सोयरीक झाली, रजिया नांदेडला आली, आणि नव्या नवऱ्यानं कौतुकानं तिला टॉकीजात नेलं. नेमका तोच सिनेमा! खिडकी आली तसा यासेरनं एका हातानं तिचा हात गच्च धरला आणि दुसऱ्या हातानं रुमाल डोळ्यांवर घेतला. बुरख्यातून रजिया स्वतःकडे बघत राहिली. पडद्यावर ती केवढी मोठी होती आणि किती देखणी! तिला कधी कोणी देखणी म्हटलं नव्हतं. छाती भरून आली, हसू आलं आणि रडूही आलं. ‘अजी, ती मीच’ एवढे तीन शब्द ओठांवर आले होते. ते तिनं गिळले आणि नवऱ्याच्या हातातला हात तसाच राहू दिला.

भूकंप झाला तेव्हा ती धाकट्या आसिफला घेऊन माहेरीच होती. पहाटे जमीन हलली आणि उजाडता उजाडता किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. दस्तगीरचा भाऊ तिकडच्याच एका गावात होता. तो दगडमातीखाली गेला, घरच्या सगळ्यांसकट. पुढं कित्येक दिवस गल्लीतलं कोणी छपराखाली झोपायला तयार होईना. सगळे बंगल्यासमोरच्या मैदानात अंथरुणं टाकायचे. बंगल्याला काहीच झालं नव्हतं. एवढी घरं गेली आणि भुताचं घर तेवढं राहिलं, म्हणून बाया त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. रजियाला मात्र तो मनोरा बघून बरं वाटायचं. पडल्या पडल्या तिला भास व्हायचा, की खिडकीत ती सतराची पोर उभी आहे आणि एकेका अंथरुणावरून नजर फिरवते आहे.

दस्तगीरच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. एका संध्याकाळी बायका अंथरुणं झटकत होत्या, तेव्हा तो मनोऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "रजिया, तुझी ती वरची जागी हाय न्हवं?"

सिनेमानंतर पहिल्यांदाच बापानं तो विषय काढला होता. 

"हाव अब्बा. जागी हाय."

"मग पडतो मी," दस्तगीर म्हणाला आणि खरंच झोपला.

वर्षं गेली, दस्तगीर गेला. लातुरात घरांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या. ज्या गावातून लोक घरदार सोडून मैदानात पळाले होते, त्याच गावात आता आईबाप दुरून दुरून पोरं आणून सोडायला लागले. गुरुबसप्पांच्या मुलांनी बंगला गुलाबी रंगवला, वटवाघळं हाकलली आणि मुलींचं होस्टेल काढलं. भूकंपानंतर झालेली रजियाची धाकटी मनतशा दहावीला चांगली निघाली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. होस्टेलं ढीगभर होती, पण रजिया हटून बसली, की ठेवायची तर त्याच बंगल्यात. यासेर नको नको म्हणत होता. "मी बघितलाय तो बंगला सिनेमात," एवढंच त्याचं कारण. रजियाला मनातून वाटत होतं, वरची आहे तिथं, पोरीवर लक्ष ठेवील.

आणि झालं भलतंच. कोणीतरी तो जुना सिनेमा मोबाईलवर शोधून काढला. होस्टेलच्या पोरींनी खिडकी ओळखली, आणि परीक्षेच्या धास्तीनं अर्धमेल्या झालेल्या त्या पोरींनी शापाचा नवा अर्थ लावला. खिडकीवाली म्हणे नापास होणारीचं नाव घेते. आपल्या नावासारखे ओठ हलले, की संपलं. मनतशाच्या खोलीतल्या लोहा गावच्या सुकन्याला आपलं नाव दिसलं आणि पुढच्याच चाचणीत ती आपटली. मग मनतशा तो तुकडा रोज बघायला लागली. मार्क घसरायला लागले. एके रात्री फोनवर ती रडत म्हणाली, "अम्मी, तिनं माझंच नाव घेतलं. मी बघितलं. मला न्हाई राहायचं इथं."

"आणतो पोरीला," यासेर दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला आणि चपला घालून तयार झाला.

रजियानं रात्र तळमळून काढली होती. आता पोरगी परत आली तर वर्ष जाईल आणि वर्षाबरोबर डॉक्टरकीही. यासेरच्या बहिणीनं स्थळ तर आधीच बघून ठेवलं होतं. आणि हे सगळं कोणाच्या हट्टानं? कोणाच्या ओठांनी? बापाला दिलेला शब्द आणि एवढ्या वर्षांचा संसार एका बाजूला होता, पोरगी दुसऱ्या बाजूला. एसटीत ती नवऱ्याशेजारी, खिडकीशी बसली. 

होस्टेलच्या फाटकाशी मनतशा बॅग घेऊन उभीच होती. चेहरा एवढासा झालेला. यासेर बॅग उचलायला वाकला, तसं रजियानं पोरीला बाजूला, पायरीवर नेऊन बसवलं.

"मनतशा, ती खिडकीवाली मी हाय."

पोरगी बघत राहिली. मग तिला रागच आला. "अम्मी, मला इथं ठेवायसाठी काहीबी नको सांगू. मी लहान हाय का?"

"खरं सांगून राहिले बेटा. झगा माझ्या अब्बांनी शिवला होता, माझ्याच मापाचा."

"मग ती काय म्हनते सांग. कोणाचं नाव घेते?"

रजिया उठली. ती तडक रेक्टर गुणाबाईंकडे गेली आणि मनोऱ्याची किल्ली मागितली. वरच्या खोलीत जुन्या गाद्या भरल्या होत्या. गुणाबाईंनी किल्ली दिली, पण सोबत यायचं नाव काढलं नाही.

जिना पूर्वीइतकाच अरुंद होता, गुडघे तेवढे पूर्वीचे नव्हते. गाद्या सारून ती खिडकीशी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. खाली मैदानाच्या जागी आता क्लासच्या इमारती होत्या, पण उजेड तोच होता. क्षणभर तिला वाटलं, मागे ती सतराची पोर उभी आहे आणि म्हणते आहे, आता तू. तिनं खाली बघितलं. दप्तरं पाठीला लावून क्लासहून परतलेल्या पोरी जागच्या जागी थिजल्या होत्या. फाटकात मनतशा होती. शेजारी यासेर. त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रुमाल डोळ्यांवर आला.

रजियाचे ओठ हलले. तिनं डाव्या हातानं खिडकी ओढून घेतली.

खाली मनतशाच्या तोंडून हुंदका फुटला. हे ओठ तिनं मोबाईलवर रोज बघितले होते, पण त्याच्याही आधी जन्मभर बघितले होते, नांदेडच्या घरात, रोज संध्याकाळी, दार लावताना. तिनं बापाचा हात धरून रुमाल खाली ओढला. "अब्बा, नाव न्हाई घेत ती कोणाचं. बिस्मिल्लाह म्हनते. सैतान आत येऊ नये म्हणून. आपली अम्मी हाय ती!"

रजिया खाली आली तेव्हा ओढणीला गाद्यांचा कापूस चिकटला होता. ती नवऱ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. यासेरनं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"टॉकीजात मी तुझाच हात धरून तुलाच भिऊन राहिलो होतो व्हय?"

"हाव."

"एवढ्या वर्षांत सांगायचं तरी गं."

"सांगितलं असतं तर तुम्ही हात सोडला असता," रजिया म्हणाली.

 बॅग उचलून यासेर होस्टेलच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथं ठेवून आला. मनतशानं ती आत नेली. जाताना तिनं आईच्या हातातली मनोऱ्याची किल्लीही मागून घेतली.

एसटी स्टँडकडे निघताना दोघांनी वळून बघितलं. मगरिबची अजान होत होती. मनोऱ्याच्या खिडकीत मनतशा उभी होती, तिच्यामागे सुकन्या आणि आणखी दोघीतिघी दाटीवाटीनं. मनतशाचे ओठ हलले आणि खिडकी बंद झाली. यासेर शेवटपर्यंत उघड्या डोळ्यांनी बघत होता. मग त्यानं भर रस्त्यात रजियाचा हात धरला.