यकृतरावांची ओळखपरेड

नाव वेगळं होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्यांना यकृतरावच म्हणत, आणि तेही मनातून खूश होत. का नाही होणार? यकृताच्या पेशी साखरेचं काय करतात आणि आजारात त्यांचं नेमकं कुठे बिनसतं, या एकाच प्रश्नावर गृहस्थांनी उभी हयात घालवली होती. स्वतःची मुलगी कितवीत आहे हे बायकोला विचारावं लागे, पण बाटलीतल्या पेशींना दिवसाआड ताजं खाणं घालायला कधी चुकले नाहीत. वर ऐट अशी, की "पेशी मी चेहऱ्यावरून ओळखतो. चाचण्याबिचाचण्या ज्यांना डोळे नाहीत त्यांनी कराव्यात!"

मग खात्यात एक नवी सहकारी आली. कामसू, आणि नको तिथे चौकस. यकृतरावांचा नवा लेख छापायला जायच्या आधी तिने त्या पेशींची ओळख तपासून घेतली आणि अहवाल घेऊन दारातच उभी राहिली.

"सर, या पेशी यकृताच्या नाहीत."

"मग काय माझ्या आहेत?"

"मूत्राशयाच्या आहेत."

यकृतरावांनी जुन्या नोंदवह्या काढल्या, आणि घोटाळा सापडला. फार वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या दोन कुप्यांवरची शाई पुसली गेली होती, आणि कुठली कशाची हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून नुसतं बघून ठरवलं होतं. चेहऱ्यावरून! तेव्हापासून पुढचं सगळं संशोधन त्या भलत्याच कुपीवर उभं होतं.

घरी ताट अर्धं टाकून उठले. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. तिला हसू आवरेना. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही भलत्याचंच पोट भरत होतात?"

"अगं, जगभर छीथू होईल माझी! तोंड कुठे लपवू?" त्यांचे डोळे खरंच भरून आले.

तेव्हा तिचं हसू थांबलं. "अहो, कबूल करून टाका आणि मोकळे व्हा," ती म्हणाली.

गडी घाबरट होता, पण लबाड नव्हता, एवढं मानायलाच हवं. त्यांनी सगळे लेख जाहीरपणे मागे घेतले, चुकीची कबुली छापून आणली, आणि बोंबाबोंबीची वाट बघत फोनशेजारी बसून राहिले. आठवडा गेला, महिना गेला. कोणी शिवी दिली नाही. कोणी साधा खुलासाही मागितला नाही.

शेवटी संचालक जिन्यात भेटले. यकृतरावांनी स्वतःच विषय काढला. "साहेब, ते माझे लेख..."

संचालकांनी पाठीवर थाप मारली. "वाचले ना, सगळे वाचले! यकृतावर फार मोलाचं काम आहे हो तुमचं!"