कार्य अज्ञात

मळीचा आंबूस-गोड वास एकदा नाकात बसला की साबणानेही जात नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीत उकळत्या उसाच्या रसावरून काढून टाकलेला हा गाळ; त्याच्याच ढिगातून माझ्या विद्यार्थिनीने, अक्षताने, एक जिवाणू वेगळा केला होता. कोल्हापुरातली हेमंताची कोवळी उन्हं प्रयोगशाळेच्या खिडकीतून उतरत आणि त्या निवळ प्रकाशात आम्ही दोघी त्या जिवाणूच्या एका अनोळखी एन्झाइमची मनधरणी करत बसायचो.

रचना पाहायची तर आधी त्याचे स्फटिक हवेत, आणि ते होईनात. झाले ते मेले मिठाचे निघाले! अखेर रचना हाती आली. पडद्यावर तो रेणू संथ फिरू लागला, मधोमध एक खोल खोबण, काहीतरी धरून तोडण्यासाठीच असावी अशी. पण काय तोडण्यासाठी? ऊस म्हटला की साखर, एवढीच आमची बुद्धी. मिळेल ती साखर त्याच्यापुढे ठेवली. हा आपला ढिम्म. जीव अगदी मेटाकुटीला आला. अक्षताच्या प्रबंधाची मुदत संपत आलेली आणि शेवटच्या प्रकरणात 'कार्य अज्ञात' लिहायला ती तयार नव्हती. "त्यापेक्षा प्रबंधच देत न्हाय मी," ती फाडकन म्हणाली. ही पोरगी बोलते ते करते, म्हणून मला धास्ती.

ताजी मळी आणायला पेठ वडगावजवळ तिच्या वडिलांच्या गुऱ्हाळावर गेलो. ते भेंडीची ठेचलेली झाडं पाण्यात चोळत होते. तो बुळबुळीत रस काहिलीत पडला की सगळा गाळ त्याला धरून वर येतो. "मॅडम, सरा मागं, भाजाल की!" ते ओरडले. मी सरले; अक्षता मात्र जागची हलेना. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडला. मळीत उसाबरोबर भेंडीही असते! लहानपणापासून हे बघत आलेल्या आम्ही दोघी, आणि साखरेपलीकडे गेलोच नाही. असा संताप आला स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी भेंडीच्या चिकट पाण्यात एन्झाइम घातलं. तुलनेसाठी एका नळीत उकळून निकामी केलेलं घातलं होतं; तिथे चिकट रसाची तार तशीच लोंबत राहिली. दुसऱ्या नळीत ती तुटली, सगळं पाणी पाणी झालं. मी आनंदाने ओरडलेच. अक्षता रडायला लागली.

"एवढंच व्हतं व्हय, मॅडम?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि अडखळले. माणसाने गुऱ्हाळं मांडली ती कालपरवा. हा जीव त्याच्या कितीतरी आधीपासून मातीत आहे. तेव्हा तो कुणाचा चिकट रस तोडत होता?

तिचं प्रकरण आधी लिहून होऊ दे, असं मनाशी म्हणत मी नुसतं "हो" म्हटलं.