मे महिन्यातला स्वेटर

मे महिन्यात स्वेटर घालून हिंडणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. आमच्या वाशी गावच्या बाजारात लोक डोक्यावर ओला रुमाल टाकून चालतात, तेव्हा आमचे दाजी गळ्यापर्यंत बटणं लावून कलिंगडं वाजवून बघत असतात. लग्नात कुणी बर्फाचं सरबत पुढं केलं, की ग्लासात पाल पडल्यासारखा तो बाजूला सारतात. "बर्फ लई बघितला बाबा," एवढंच म्हणतात. शिवाय कुठंही बसायच्या आधी जमिनीला तळहात लावून बघायची खोड. येडशी स्टेशनात त्यांना असं वाकलेलं बघून एका म्हातारीनं "काय हरवलं, लेकरा?" म्हणत फलाटभर शोधाशोध केली होती!

बर्फाशी असं वैर धरणाऱ्या या माणसानं निम्मी जिंदगी बर्फातच घालवली. आधी परंड्याला बर्फाच्या कारखान्यात, मग दूरच्या एका शहरात, नदीखालच्या बोगद्यावर. तिथली माती पातळ पिठल्यासारखी वाहायची. म्हणून तिच्यात नळ्या ठोकून गारढोण खारं पाणी फिरवायचं. चिखलाचा दगड झाला, की तो कोरत पुढं जायचं. ते यंत्र दाजी सांभाळत. जोडीला उमरग्याकडचे अप्पा; लिंगायत, निम्मं कानडी बोलणारे, भारी चेष्टेखोर. दाजींना चिडवायचे, "तुमी लोक मेल्यावर आडवं होता. आमाला बसवूनच पुरतेत. जाताना बी गप्पा मारता येतेत!"

एक दिवस त्या गोठवलेल्या भिंतीला कुठंतरी चीर गेली आणि पाण्यासकट माती आत घुसली. सगळे पळाले. अप्पा लोखंडी दार लावायला मागं राहिले, ते राहिलेच. साहेब लोक म्हणाले, आता सिमेंट ओतून तोंड बंद करू, बोगदा बाजूनं वळवू. अप्पा जिवंत नाहीत हे दाजींनाही कळत होतं. पण ते यंत्रापाशी ठाण मांडून बसले. "त्याच्या बायकोला काय सांगू? सिमेटात हाय म्हणून? पुन्हा गोठवा. म्या काढतो त्याला." शेवटी साहेबांनी ऐकलं. बर्फाला घाई चालत नाही. कित्येक आठवडे यंत्र चाललं आणि दाजी तिथून हलले नाहीत. हाडात थंडी शिरली ती तेव्हाच, असं ताई सांगते.

गोठलेला चिखल छिन्नीनं फोडत गेले, तर अप्पा सापडले ते गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. पेटीत मावेनात. कुणीतरी म्हणालं, जरा शेकून सरळ करू. आमचे गरीब दाजी, ताईसमोर ज्यांचा आवाज कधी चढला नाही, ते त्या माणसाच्या अंगावर धावून गेले. "हात लावू नगा! त्यांच्यात बसूनच जातेत!" मग मोठी पेटी ठोकून घेतली, आणि अप्पा बसल्या बसल्या गावी आले. वाटभर दाजी पेटीशी बोलत होते म्हणे. काय, ते विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.

दरसाल मे महिन्यात ते मला मोटारसायकलवर मागं बसवून तिकडं नेतात. अप्पांना त्यांच्याच शेतात ठेवलंय. यंदाही गेलो. दाजींनी स्वेटर काढून बांधावर ठेवला. उन्हाळ्यात तो अंगावरून उतरतो, तो फक्त इथंच. मग त्यांनी जमिनीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम हाय," ते म्हणाले. "बरं हाय अप्पाला."